रोजचंच गवत, मग खाज आताच का?

पावसाळा सरत आला की शहाड स्टेशनच्या आसपास, रुळांच्या कडेला, मोकळ्या प्लॉटवर आणि मुरबाड रस्त्यालगत गाजर गवत कमरेएवढं वाढतं. गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली पानं आणि वर साबुदाण्याएवढी पांढरी फुलं. लोकल गाठायला निघालेली माणसं रोज त्याला घासून जातात आणि त्यांना काहीही होत नाही. एखाद्याच्या मात्र पन्नाशीच्या सुमारास पापण्या सुजू लागतात, मान लाल होते, कोपराच्या आतल्या बाजूला पाणी सुटतं. डॉक्टरांनी गवताचं नाव घेतलं की तो हमखास विचारतो, "अहो, जन्म गेला माझा इथे. गवत तेव्हाही होतं. मग आत्ताच कसं उठलं?"

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं थोडक्यात उत्तर असं, की ही अ‍ॅलर्जी घेऊन कोणी जन्माला येत नाही. त्वचा ती शिकते. हे शिकणं कधी पहिल्या काही भेटींतच उरकतं, तर कधी त्याला वीस-पंचवीस वर्षं लागतात. एकदा शिकलेलं मात्र ती सहसा विसरत नाही. त्वचा शिकते म्हणजे नेमकं काय होतं, ते या प्रकरणात टप्प्याटप्प्याने पाहू.

१. सगळी खाज एक नव्हे

आपल्याकडे अंगाला खाज सुटली की "अ‍ॅलर्जी झाली" म्हणून मोकळं होण्याची पद्धत आहे. पण निदान तीन गोष्टी वेगळ्या काढायला हव्यात.

पहिली गांध. कोळंबी खाल्ली आणि अर्ध्या तासात अंगभर लालसर फुगवटे आले, तर आपण "पित्त उठलं" म्हणतो. इथे रक्तातली आयजीई नावाची प्रतिपिंडं काम करतात. त्यांच्या इशाऱ्यावर त्वचेतल्या मास्ट पेशी हिस्टामिन हे रसायन ओततात. सगळा प्रकार मिनिटांत सुरू होतो आणि बहुधा काही तासांत मावळतो. हिस्टामिनला अडवणारी सेट्रिझिनसारखी गोळी इथे चांगली लागू पडते.

दुसरा नायटा, म्हणजेच गजकर्ण. ही अ‍ॅलर्जी नसून बुरशीचा संसर्ग आहे. गोल चट्टा, उठलेली कड आणि मधे बरी होत आलेली त्वचा ही त्याची खूण.

तिसरा इसब. आधी लाली, मग मोहरीएवढे पाण्याचे फोड, मग ओल, खपली आणि फार दिवस चालला तर जाड, काळपट, रेघा पडलेली त्वचा. इसबाचे अनेक प्रकार आहेत. एखाद्या वस्तूच्या स्पर्शाची अ‍ॅलर्जी जडून होतो, त्या इसबाबद्दल आपण बोलणार आहोत. स्पर्श आज झाला तर तो उद्या किंवा परवा उठतो आणि दोन-तीन आठवडे मुक्काम करतो. हे काम प्रतिपिंडांचं नाही, पेशींचं आहे. म्हणून अशा इसबावर सेट्रिझिन घेतली तर झोप लागेल, पण इसब हटणार नाही.

२. पुण्यात दिसलेलं गवत

गाजर गवत मूळचं अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशातलं. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. भारतातली त्याची नोंद १९५६ साली आर. एस. राव यांनी प्रसिद्ध केली, ती पुण्यातल्या झाडांवरून. आयात गव्हातून त्याचं बी आलं, असं सर्रास सांगितलं जातं आणि काँग्रेस गवत हे नावही त्याच काळातलं. पुढच्या काही वर्षांत ते देशभर पसरलं. एकेक झाड हजारो बिया टाकतं, मग दुसरं काय होणार!

त्यापाठोपाठ एक नवा आजार दिसू लागला. शेतकरी, माळी, उघड्यावर काम करणारी माणसं चेहरा आणि मानेवरच्या चिवट इसबाने बेजार होऊ लागली. १९७४ साली लोणकर, मिशेल आणि कॅलनन यांनी या गवतामुळे होणाऱ्या इसबावर शोधनिबंध लिहिला. आज त्वचारोगाच्या पाठ्यपुस्तकांत हवेतून होणाऱ्या स्पर्शजन्य इसबाचं उदाहरण द्यायचं तर हे भारतीय उदाहरण दिलं जातं.

हवेतून स्पर्श कसा होतो? या गवताच्या पानांवर, खोडावर आणि फुलांवर अतिसूक्ष्म लव असते. तिच्यात पार्थेनिन नावाचं रसायन साठलेलं असतं. झाड वाळलं की लवीचा आणि पानांचा चुरा धुळीबरोबर उडतो आणि उघड्या अंगावर बसतो. गवताला हातही न लावता माणसाला इसब होतो तो यामुळे.

त्वचारोगतज्ज्ञ इथे एक बारीक गोष्ट बघतात. उन्हाने पुरळ आलं असेल तर वरच्या पापण्या, कानामागची जागा आणि हनुवटीखालचा सावलीतला भाग बहुधा वाचतो. हवेतली धूळ सावली बघत नाही. ती नेमकी पापण्यांच्या घड्यांत, कानामागे, मानेच्या वळ्यांत आणि कोपराच्या खोबणीत साचते. त्यामुळे या जागा लाल असतील तर डॉक्टरांचा संशय उन्हाऐवजी धुळीकडे वळतो. आजार जुना झाला की काहींना ऊनही सोसत नाही आणि मग दोन्हींची सरमिसळ होते.

३. केसाच्या जाडीचा पहारा

पार्थेनिन अंगावर बसलं. आता ते आत कसं शिरतं?

आपल्या त्वचेचा वरचा थर, बाह्यत्वचा, बहुतेक ठिकाणी मिलिमीटरचा दहावा भाग एवढाच जाड असतो, म्हणजे साधारण एका केसाइतका. त्यातही अगदी वर मेलेल्या पेशींचा चिवट पापुद्रा असतो. पाणी आत येऊ न देण्याचं आणि बाहेर जाऊ न देण्याचं काम मुख्यतः तो करतो. प्रथिनांसारखे मोठे रेणू या पापुद्र्यातून जात नाहीत. साधारण ५०० डाल्टनपेक्षा हलके रेणू मात्र शिरू शकतात. डाल्टन हे रेणूचं वजन मोजण्याचं माप आहे. पाण्याचा रेणू १८ डाल्टनचा आणि पार्थेनिनचा सुमारे २६२. त्याला वाट मोकळी आहे.

आत आल्यावर मात्र त्याची गाठ बऱ्याच गर्दीशी पडते. निरोगी प्रौढ माणसाच्या त्वचेत टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी सुमारे २० अब्ज असतात. साऱ्या रक्तात फिरणाऱ्या टी पेशींच्या जवळपास दुप्पट! त्वचेला नुसतं शरीराचं आवरण समजणं चूक आहे, ते या एका आकड्यावरून पटावं.

४. एवढा छोटा रेणू ओळखू येतो कसा?

इथे एक अडचण आहे. रोगप्रतिकारशक्ती सहसा मोठे रेणू ओळखते, जसं की जंतूंच्या अंगावरची प्रथिनं. पार्थेनिनसारखा चिमुकला रेणू एकटा असेल तर तिच्या नजरेतच येत नाही.

पण हा रेणू एकटा राहत नाही. तो आपल्याच त्वचेतल्या प्रथिनांना घट्ट चिकटतो आणि त्यांचं रूप बदलतं. आपलं प्रथिन आणि त्यावर बसलेला परका रेणू, अशी जोडी तयार झाली की प्रतिकारशक्तीला ती अनोळखी वाटते. अशा चिकटू रेणूंना हॅप्टेन म्हणतात. केस काळे करण्याच्या डायमधलं पीपीडी, सिमेंटमधलं क्रोमियम, खोट्या दागिन्यांतलं निकेल आणि बिब्ब्याच्या तेलातलं भिलावनॉल हे सगळे एकमेकांपासून अगदी वेगळे पदार्थ. पण प्रथिनांना धरून बसणं किंवा त्यांचं रूप पालटवणं हा त्यांचा गुण सारखाच.

नुसतं रूप पालटून मात्र भागत नाही. प्रतिकारशक्ती प्रत्येक अनोळखी गोष्टीवर धावून गेली असती तर आपण एक दिवसही सुखाने जगलो नसतो. तिला सोबत धोक्याचा इशाराही लागतो. तो इशारा देतात बाह्यत्वचेतल्या साध्या पेशी. त्या दुखावल्या की इंटरल्युकिन-१ सारखे संदेशरेणू सोडतात. बहुतेक हॅप्टेन स्वतःच त्वचेला थोडे टोचतात, म्हणजे अनोळखी रूप आणि इशारा दोन्ही एकाच वेळी मिळतात. निकेलची तर कमाल आहे. जंतू ओळखण्यासाठी पेशींवर असलेल्या टीएलआर-४ या ग्राहीला ते थेट चिकटतं आणि नसलेल्या जंतूची वर्दी देऊन टाकतं. हे २०१० मध्ये दाखवून देण्यात आलं.

५. पहिली भेट : बाहेरून काहीच दिसत नाही

१८६८ साली बर्लिनमध्ये पाउल लँगरहान्स नावाच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने त्वचेच्या कापाला सोन्याचा क्षार लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. बाह्यत्वचेत त्याला फांद्या फुटलेल्या काळ्या पेशी दिसल्या. त्या मज्जातंतूंच्या असाव्यात, असं त्याला वाटलं. त्या रोगप्रतिकारशक्तीच्या पेशी आहेत हे कळायला पुढची शंभर वर्षं लागली.

या लँगरहान्स पेशी आणि त्यांच्याखालच्या थरातल्या त्यांच्या भावकीतल्या पेशी बदललेल्या रूपाचं प्रथिन गिळतात, त्याचे तुकडे आपल्या अंगावर मांडतात आणि त्वचा सोडून निघतात. त्या जातात जवळच्या लसिका ग्रंथीत. हाताला लागलं असेल तर काखेत, पायाला लागलं असेल तर जांघेत. जखम पिकली की जिथे अवधाण येतं, तीच ही जागा.

ग्रंथीत टी पेशींची सतत ये-जा चालू असते. प्रत्येक टी पेशी एका ठरावीक रचनेशीच जुळते. पार्थेनिन बसलेल्या प्रथिनाशी जुळणारी टी पेशी लाखांतून एखादीच असते. ती सापडली की मात्र तिची झपाट्याने वाढ सुरू होते. एकीच्या दोन, दोनाच्या चार. या पेशींना त्वचेकडे जाण्याचा पत्ताही मिळतो, म्हणजे पुढे रक्तातून फिरताना त्या आतड्याकडे न वळता त्वचेतच उतरतात. या सगळ्याला साधारण १० ते १४ दिवस लागतात. तेवढ्या काळात माणसाला खाज नाही, लाली नाही, काहीच कळत नाही.

वाढलेल्या पेशींपैकी बहुतेक पुढे मरून जातात, पण सगळ्या नाही. दही संपलं तरी घरात चमचाभर विरजण बाजूला काढून ठेवलेलं असतं, तशा काही पेशी मागे राहतात. त्यांना स्मृतिपेशी म्हणतात. पुढच्या वेळी सुरुवात शून्यापासून होत नाही.

६. मग आत्ताच का?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गवत वीस वर्षं शेजारी होतं, मग त्वचा आत्ताच का शिकली?

पहिलं कारण म्हणजे एके ठिकाणी बसलेली मात्रा. प्रयोगांतून असं दिसलंय की हॅप्टेन एकूण किती लागलं यापेक्षा त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरवर किती लागलं, याला महत्त्व असतं. समजा, एक थेंब रस नखाएवढ्या जागेवर पडला आणि तेवढाच थेंब पाठभर पसरला. पहिल्या बाबतीत अ‍ॅलर्जी जडण्याची शक्यता बरीच जास्त. वाऱ्याबरोबर उडणारी धूळ वर्षानुवर्षं अंगावर जेमतेम बसते. एका रविवारी सोसायटीचं आवार साफ करताना उघड्या हातांनी गवत उपटलं, तर तीच मात्रा शंभरपट होऊ शकते.

दुसरं कारण त्वचेची अवस्था. घामोळं, ओरखडे, सततचा ओलावा, साबणाने कोरडी पडलेली कातडी यांनी वरचा पापुद्रा सैल होतो आणि धोक्याचा इशारा आधीच वाजत असतो. ठाणे-कल्याणच्या दमट हवेत घामाचा वाटा मोठा आहे.

तिसरं कारण सहनशीलता. आपल्या शरीरात टी पेशींचा एक गट असा असतो, की जो बाकीच्यांना आवर घालतो. त्यांना नियंत्रक पेशी म्हणतात. बहुतेकांच्या बाबतीत गवताचा स्पर्श याच पातळीवर मिटतो. म्हणून डब्यातल्या सगळ्या प्रवाशांना इसब होत नाही. ज्याचा तोल ढळला त्याला होतो. वय, अनुवंश, मात्रा, जखम अशी अनेक कारणं एकत्र आल्यावर तो ढळतो. "आत्ताच का" याचं उत्तर एकाच दिवसात किंवा एकाच कारणात बहुधा सापडत नाही.

७. पुढची भेट : अठ्ठेचाळीस तास

शिकलेल्या त्वचेवर तोच पदार्थ पुन्हा बसला की स्मृतिपेशी जाग्या होतात. त्या इंटरफेरॉन-गॅमा आणि इंटरल्युकिन-१७ सारखे संदेशरेणू सोडतात. त्यामुळे रक्तवाहिन्या रुंदावतात आणि लाली येते. आणखी पांढऱ्या पेशी खेचल्या जातात. त्यांतल्या मारेकरी टी पेशी हॅप्टेन चिकटलेल्या आपल्याच त्वचापेशींना ठार करतात. पेशींमधले सांधे सुटतात, फटींत पाणी भरतं आणि बाह्यत्वचा भिजून फुगते. या फटी एकत्र आल्या की वरून दिसतात ते मोहरीएवढे फोड. ते फुटले की ओल आणि ओल सुकली की खपली. फोडातलं हे पाणी आपल्याच शरीराचं असतं. ते दुसऱ्याला लागून इसब पसरत नाही.

पेशी जमायला वेळ लागतो, म्हणून पुरळ २४ ते ७२ तासांनी उठतं. ही उशिराची सवय माणसाला चकवते. एक साधा हिशोब करून बघा. मंगळवारी संध्याकाळी मनगटावर खाज सुटली. माणूस मंगळवारी दुपारी खाल्लेल्या वांग्याला दोष देतो. पण ७२ तास मागे गेलो तर शनिवारची संध्याकाळ येते आणि २४ तास मागे गेलो तर सोमवारची. म्हणजे शोध शनिवार संध्याकाळ ते सोमवार संध्याकाळ या काळात घ्यायला हवा. रविवारी केस रंगवले होते का? गवत उपटलं होतं का? नवीन घड्याळ घातलं होतं का? बिचारं वांगं सुटतं.

हे काम पेशींचंच आहे, रक्तातल्या प्रतिपिंडांचं नाही, याचा पुरावा १९४२ साली न्यूयॉर्कमधल्या रॉकफेलर संस्थेत मिळाला. रक्तगटांचा शोध लावणारे कार्ल लँडस्टायनर आणि त्यांचे सहकारी मेरिल चेस यांनी एका रसायनाची स्पर्श-अ‍ॅलर्जी जडलेल्या गिनिपिगच्या पांढऱ्या पेशी निरोगी गिनिपिगमध्ये घातल्या. त्या गिनिपिगलाही अ‍ॅलर्जी झाली. नुसतं रक्तद्रव दिल्याने ती होत नव्हती.

पदार्थ दूर झाला की नियंत्रक पेशी हळूहळू आवर घालतात आणि त्वचा भरून येते. पण काही स्मृतिपेशी त्याच जागी ठाण मांडून राहतात, रक्तात परतत नाहीत. म्हणून इसब पुन्हा उठतो तेव्हा बरेचदा आधीच्याच जागेवर उठतो.

८. बिब्बा, काजू आणि आंबा

मराठी घरांना या आजाराची ओळख पार्थेनियम येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे. पायात काटा मोडला, टाच भेगाळली की गरम सुई बिब्ब्यात खुपसून त्याचं काळं तेल टेकवायची पद्धत होती. कोणाला ते मानवायचं, तर कोणाचा पाय सुजून फोडांनी भरायचा. "बिब्बा उतला" असं म्हणतात ते यालाच. विदर्भात बिबे फोडून गोडंबी काढणाऱ्या बायकांचे हात काळवंडतात आणि फोडांनी भरतात. कोकणात काजूच्या टरफलातल्या तेलाने तेच होतं.

यातलं थोडं नुसतं भाजणं असतं. तेल तिखट असल्यामुळे ते कोणाच्याही कातडीला इजा करेल. पण बरेचदा मागे खरी अ‍ॅलर्जीही असते. दोन्हींतला फरक असा, की भाजणं लगेच होतं आणि तेल लागलं तेवढ्याच जागेवर राहतं. अ‍ॅलर्जी दोन दिवसांनी उठते आणि आजूबाजूला पसरते.

दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेवर असंच पुरळ उठू लागलं. धोबी कपडे ओळखू यावेत म्हणून बिब्ब्याच्या रसाने कॉलरच्या आत खूण करत. ती खूण धुतली तरी जात नाही आणि तिच्यातलं रसायनही जात नाही. १९४३ साली अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात 'धोबी मार्क डर्मटायटिस' या नावाने याचं वर्णन आलं. अमेरिकेत पॉयझन आयव्ही नावाची वेल आहे. तिच्या रसाची अ‍ॅलर्जी तिथे फार आढळते आणि तो रस बिब्ब्याच्या तेलाशी रचनेने मिळताजुळता आहे. म्हणजे त्यांतल्या बऱ्याच जणांच्या टी पेशी बिब्ब्याची ओळख भारतात येण्याआधीच करून बसल्या होत्या!

बिब्बा, काजू आणि आंबा एकाच कुळातले. म्हणून बिब्बा उतणाऱ्या काहींना आंब्याच्या देठाचा चीक लागला की ओठांभोवती पुरळ येतं. रसायन मुख्यतः चिकात आणि सालीत असतं, गरात फारच थोडं. देठ काढून चीक गळू द्यावा, आंबा धुवावा आणि सोलून खावा, ही घरची शिस्त शास्त्राला धरूनच आहे. गाजर गवताच्या बाबतीत असाच एक धोका शेवंतीचा. दोघी एकाच कुळातल्या. गवताची अ‍ॅलर्जी असलेल्याचे हात कल्याणच्या फुलबाजारातली शेवंती हाताळूनही खाजू शकतात.

९. जीन्सचं बटण आणि सिमेंटचं घमेलं

शहाडला लागूनच उल्हासनगर, जीन्सच्या धंद्यासाठी प्रसिद्ध. जीन्सच्या धातूच्या बटणात निकेल असेल तर घामात त्याचे कण विरघळतात आणि बेंबीखाली रुपयाएवढा चट्टा उठतो. खोट्या कानातल्यांनी कानाची पाळी चिघळते, तीही याच कारणाने. नेलपॉलिशचा थर देऊन काही दिवस निभावतं, पण तो थर घासला जातो. बटणाच्या आतून जाड कापड शिवून घेणं जास्त टिकाऊ.

कल्याणपासून टिटवाळ्यापर्यंत इमारतींची कामं चालू आहेत आणि तिथे ओलं सिमेंट कालवणारे हात बहुधा उघडे असतात. ओलं सिमेंट तीव्र अल्कली असतं, त्यामुळे आधी कातडी भाजते आणि फाटते. त्या फाटलेल्या कातडीतून सिमेंटमधलं क्रोमियम आत शिरतं आणि अ‍ॅलर्जी जडते. एकदा जडली की गवंड्याला कामच सोडायची वेळ येते. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला डेन्मार्कमध्ये सिमेंटमध्ये फेरस सल्फेट मिसळायला सुरुवात झाली. त्यामुळे क्रोमियमचं रूप बदलून ते फारसं विरघळत नाही. पुढे तिथल्या बांधकाम मजुरांमध्ये ही अ‍ॅलर्जी स्पष्टपणे कमी झाल्याचं दिसलं आणि २००५ पासून युरोपीय संघाने विरघळणाऱ्या क्रोमियमला दहा लाखांत दोन भागांची मर्यादा घातली. हा आजार कारखान्यातच रोखता येतो. आपल्या मजुराला निदान रबरी हातमोजे आणि जेवायच्या सुट्टीत हात धुवायला पाणी मिळालं पाहिजे.

१०. लहान मुलांचा इसब वेगळा

गालांवर, कोपराच्या आणि गुडघ्याच्या घड्यांत उठणारा तान्ह्या मुलांचा इसब या गोष्टीतला चुलतभाऊ. त्याला अ‍ॅटॉपिक इसब म्हणतात. तिथे बाहेरचा एखादा हॅप्टेन मुख्य नसतो. मुळात पापुद्राच कच्चा असतो. फिलॅग्रिन नावाचं प्रथिन हा पापुद्रा भक्कम करतं. त्याच्या जनुकातला दोष काही रुग्णांत असतो, हे २००६ साली स्कॉटलंडमधल्या संशोधकांनी दाखवलं. कच्च्या पापुद्र्यातून धूळ आणि जंतूंचे अंश आत येतात. तिथल्या टी पेशी इंटरल्युकिन-४ आणि १३ सोडतात, तर इंटरल्युकिन-३१ मज्जातंतूंना थेट डिवचून खाज आणतं. इंटरल्युकिन-४ आणि १३ चे संदेश अडवणारं डुपिलुमॅब हे इंजेक्शन २०१७ मध्ये अमेरिकेत मान्य झालं. सर्वसामान्य घरात मात्र पहिलं औषध म्हणजे अंघोळ झाल्याझाल्या, अंग जरा ओलं असतानाच लावलेलं साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर.

११. पाठीवरची परीक्षा

कोणत्या पदार्थाची अ‍ॅलर्जी जडली आहे ते शोधायला पॅच टेस्ट असते. तिची कल्पना योझेफ याडासोन यांनी १८९५ साली मांडली. मुंबईतल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचारोग विभागांत ती होते.

चिकटपट्टीवर बोटाच्या पेराएवढ्या छोट्या वाट्या बसवलेल्या असतात. प्रत्येक वाटीत एकेका पदार्थाचा ठरलेल्या ताकदीचा टिपका असतो. निकेल, क्रोमियम, पीपीडी, सुगंधी द्रव्यं, पार्थेनियम असे. पट्ट्या पाठीवर चिकटवून जागेवर पेनाने खुणा करतात. दोन दिवसांनी पट्ट्या काढून पहिलं वाचन, चौथ्या दिवसाच्या आसपास दुसरं. त्या काळात पाठीला पाणी लावायचं नाही आणि घाम येईल असं काम करायचं नाही. आपल्याकडे मे महिन्यात पट्ट्या घामाने सुटतात, म्हणून जमल्यास ही चाचणी थंडीत करून घ्यावी. ज्या टिपक्याखाली लाल, उंचावलेला, बारीक फोडांचा गोल उठतो, तो पदार्थ गुन्हेगार असण्याची शक्यता मोठी. हाच इसब, फक्त नखाएवढ्या जागेत आणि मुद्दाम उठवलेला. म्हणूनच ही चाचणी घरी गवत चोळून किंवा बिब्बा लावून करायची नाही. तीव्र रसाने फोड तर येतीलच, शिवाय नसलेली अ‍ॅलर्जी जडू शकते.

१२. मलम काय करतं आणि काय करत नाही

स्टेरॉइडचं मलम टी पेशींचे संदेश बंद पाडतं. टॅक्रोलिमस हे औषध टी पेशीला जागंच होऊ देत नाही. जपानमध्ये सुकुबा इथल्या मातीतल्या जिवाणूपासून १९८४ साली ते मिळालं. दोन्ही औषधं चांगली आहेत आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीत वापरायला सुरक्षित आहेत. पण स्मृतिपेशी यांनी पुसल्या जात नाहीत. मलम बंद झालं आणि पदार्थ तसाच भेटत राहिला, तर इसब परत येणारच. ते मलमाचं अपयश नव्हे.

खरा धोका आहे तो मेडिकलमधून न विचारता आणलेल्या मिश्र मलमांचा. त्यांत स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असतात. नायट्यावर स्टेरॉइड लावलं की लाली दबते आणि बुरशी मजेत पसरते. चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावलं की कातडी पातळ होते. काही मलमांत निओमायसिन असतं आणि ते स्वतःच अ‍ॅलर्जी जडवणाऱ्या पदार्थांपैकी एक आहे. म्हणजे इसब बरा करायला आणलेली ट्यूबच इसब चालू ठेवते! त्वचारोगतज्ज्ञांच्या पाठपुराव्यानंतर २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी गिऱ्हाईक मागतं आणि दुकानदार देतो, हे थांबलेलं नाही.

तेव्हा इसब पुन्हा पुन्हा उठत असेल तर एवढं करा. उठल्या दिवसापासून मागच्या तीन दिवसांत अंगाला काय काय लागलं, ते वहीत लिहा. डाय, दागिना, हातमोजे, मलम, फुलं, गवत, सगळं. पुरळ कोणत्या जागी आहे, त्याचा फोटो काढून ठेवा. दोन-तीन वेळच्या नोंदी झाल्या की वही आणि घरातली सगळी मलमं घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. सोसायटीच्या आवारात गाजर गवत असेल तर फुलं येण्याआधी, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीलाच ते मुळासकट काढून घ्या. काढणाऱ्याला हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि नंतर साबणाची अंघोळ हवीच. ज्याला आधीच या गवताचा इसब आहे, त्याला मात्र या कामाला अजिबात लावू नका.